ट्रेबलच्या बटणावरची पट्टी

आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना मान आहे, आणि त्यात पहिला नंबर अ‍ॅम्प्लिफायरचा लागतो.

हा अ‍ॅम्प्लिफायर माझ्या वडिलांचा. त्यांना सगळं घर बापू म्हणतं. आम्ही कुंभार पिंपळगावला होतो तेव्हा एका वर्षी मोसंबी चांगली आली. गावातल्या लोकांनी मोटारसायकली घेतल्या आणि बापू जालन्याला जाऊन हे धूड घेऊन आले. सागवानी पेटी, वर लाल दिवा, पुढं तीन बटणं : आवाज, बास आणि ट्रेबल. कंपनीचं नाव कुठंच नाही (बनवणाऱ्यानं बहुधा जबाबदारी टाळली असावी). पुढं मला पाटबंधारे खात्यात चिकटवलं आणि आम्ही जालन्यात मस्तगडला राहायला आलो. त्या दिवशी टेम्पोत मी मागं पाण्याच्या टाकीवर बसलो होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर पुढं, ड्रायव्हरशेजारी, बापूंच्या मांडीवर! दसऱ्याला गावाकडं ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालतात, तशी इथं याला घालतात. माझ्या स्कूटरला उरलेली फुलं मिळतात. उरली तर.

घरात त्याला नुसतं 'मशीन' म्हणायचं. या मशीनचं काम एकच. रोज सकाळी चहाच्या वेळी बापू ते चालू करतात, उजव्या कुशीवर तळहातानं एक थाप मारतात (थापेशिवाय ते तोंड उघडत नाही) आणि त्याला जोडलेल्या टेपमध्ये माझ्या लग्नाची कॅसेट लावतात. माझ्यावरच्या प्रेमापोटी नव्हे! त्या कॅसेटमध्ये माझ्या आईनं म्हटलेलं मंगलाष्टक आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण आवाज तेवढाच, मांडवातल्या माइकवरून टेप झालेला. तो ऐकल्याशिवाय बापूंच्या घशाखाली चहा उतरत नाही. आई म्हणायला लागली की ते डोळे मिटतात, आणि ती थांबली की बशी खाली ठेवतात.

फक्त तो आवाज गोधडीखालून आल्यासारखा यायचा. मागं सतत घूंऽऽऽ चालू. आईच्या मंगलाष्टकातलं 'सावधान' तेवढं कळायचं, तेही सवयीनं. याचं कारण उघड होतं. आवाजाला धार आणणारं ट्रेबलचं बटण पार शून्यावर नेऊन त्याच्यावर पांढरी डॉक्टरी चिकटपट्टी गच्च मारलेली होती. मी एकदा त्या पट्टीला नख लावलं, तर बापू ताडकन उठले.

"हात न्हाई लावायचा! ते बटन फिरवलं की बिघडतं."

"काय बिघडतं?"

"समदंच बिघडतं."

म्हाताऱ्या माणसाला यंत्रातलं काय कळतंय, असं म्हणून मी सोडून दिलं. (बापूंचं वाक्य लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.)

मग गेल्या वर्षी मला मोबाइलवर आवाजाचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. त्यात एक गृहस्थ डोळे मिटून, मान डोलवत सांगायचे, "या अ‍ॅम्प्लिफायरवर गायकानं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो." ते ऐकलं आणि मी व्हिडिओ तिथंच थांबवला. आईचा श्वास! आपल्या कॅसेटमध्येही तो असणारच की! बापूंना तो ऐकवला तर? तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. ऑफिसात, जेवताना, अंघोळीत, सगळीकडं मी आवाजावर बोलायला लागलो.

"आपल्या मशीनमध्ये पारदर्शकता नाही," एक दिवस मी बायकोला म्हणालो.

"काय न्हाई?" वैशालीनं विचारलं.

"पारदर्शकता. प्रत्येक आवाज वेगळा वेगळा ऐकू आला पाहिजे."

"सकाळपासून गॅस संपलाय म्हणून सांगून राह्यले मी. तो आवाज वेगळा ऐकू आला का?"

आमच्या लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता. त्या दिवशी माझे सासरे, तात्या, हसनाबादहून येतात आणि जेवणाआधी सगळ्यांनी बसून ती कॅसेट ऐकायची, हा आमच्याकडचा रिवाज. नेमके बापू कापूस वेचणीसाठी गावाकडं गेले. वाढदिवसाच्या दिवशी सकाळीच परत येणार होते. अशी संधी पुन्हा येणार नव्हती! मी गजूला फोन लावला.

गजू म्हणजे माझा मेव्हणा. हसनाबादला त्याचं वरातीचं साउंड आहे. जिल्ह्यात कुठंही कोणाच्या कानात दडे बसले असतील तर त्यात गजूचा वाटा असतो.

"दाजी, बिलकुल टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "असा आवाज काढून देतो, मावशी समोर बसून म्हणून राह्यल्या असं वाटंल!"

दुसऱ्या दिवशी तो पेटी, पक्कड घेऊन आला आणि खाली एक पोतं अंथरून आमच्या हॉलमध्ये बसला. मशीनचं झाकण उघडलं. आत पालीच्या अंड्यांची टरफलं, कोणे एके काळची झुरळं, घडी घालून पाचर म्हणून ठोकलेलं एसटीचं तिकीट आणि शेवयांसारखा वायरींचा गुंता.

"दाजी, हे चालत कसं व्हतं?"

"थापेवर."

गजूनं आतलं सगळं उपसून काढलं आणि पोत्यात भरलं. मग खिशातून कापडात गुंडाळलेलं एक बोर्ड काढलं. त्याला वाकून नमस्कार केला.

"हे बोर्ड न्हाई दाजी, जनावर हाय! भोकरदनच्या वरातीत याच्या आवाजानं नवरदेवाचा घोडा खाली बसला व्हता. उठंचना! नवरदेव चालत गेल्ता मांडवात."

मी तेव्हाच उठून त्याला गाडीत बसवून द्यायला पाहिजे होतं. पण माझ्या डोक्यात श्वास घुसला होता.

"आन् ही पट्टी कशाची?" ट्रेबलच्या बटणाकडं बघत गजू म्हणाला.

"काढून टाक. बापूंचा गैरसमज आहे."

"अहो, बापूंना विचारलं न्हाई तुम्ही," वैशाली स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"बापूंना ट्रेबल म्हणजे काय हे तरी माहीत आहे का?" मी व्हिडिओतल्या गृहस्थांसारखी मान डोलवली. गजूनं पट्टी टर्रकन ओढली, बोळा करून कचऱ्याच्या बादलीत टाकली, नवी चकचकीत बटणं बसवली आणि ट्रेबल शेवटपर्यंत फिरवलं.

"आता ट्रायल," गजू म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

"ब्लूटूथ मोड!" पेटीतून एक बाई कडक आवाजात ओरडली. मी दचकून मागं सरलो.

"ही कोण?"

"बोर्डातच असती दाजी. चायनाची हाय. चालू करताना एकडाव बोलती, मंग गप बसती."

"बंद करता येत नाही?"

"न्हाई. लई जणांनी करून पाह्यलं."

मग गजूनं मोबाइलवरून वरातीची धून लावली. पहिला ठोका पडला आणि मांडणीवरचे डबे ओळीनं खाली आले. दुसऱ्या ठोक्याला देव्हाऱ्यातला बाळकृष्ण भिंतीकडं तोंड करून बसला. तिसऱ्या ठोक्याला भिंतीवरचं घड्याळ, जे दिवाळीपासून बंद होतं, ते चालू झालं! मी "कमी कर! कमी कर!" म्हणून ओरडत होतो, पण माझं नुसतं तोंड हलत होतं. तेवढ्यात शेजारच्या जोशीकाकू पेटत्या निरांजनाचं ताट घेऊन धावत आल्या.

"पालखी कुठपर्यंत आली?"

"काकू, पालखी नाही. आमचा अ‍ॅम्प्लिफायर आहे."

"अगंबाई," काकू जरा खजील झाल्या. "असू दे. पेटवलंय आता." आणि त्या मशीनला हळदकुंकू लावून, ओवाळून परत गेल्या. मी वाकलो होतो, पण मला ओवाळलं नाही.

गजूनं आवाज माणसात आणला, जुना ऐवज पोत्यासकट गाडीत टाकला आणि गेला. कॅसेट मात्र मी लावून पाहिली नाही. आईचा तो स्वच्छ आवाज पहिल्यांदा बापूंनी ऐकावा, असं मी ठरवलं होतं. पायावर धोंडा पाडून घ्यायचाच तर चार माणसांसमोर, हा माझा पहिल्यापासूनचा स्वभाव आहे.

वाढदिवसाच्या सकाळी तात्या आणि गजू येऊन बसले. बापूंचा फोन आला, "अंबड चौफुलीवर उतरलो. रिक्षात बसून राह्यलो." मी मशीनवर पांघरूण घातलं, त्यावर मोगऱ्याचा गजरा ठेवला. बापू आले, पिशवी ठेवली, हातपाय धुतले, तात्यांना रामराम घातला आणि मशीनजवळ गेले. मी ऐटीत पांघरूण ओढलं. निळा दिवा, चकाचक बटणं!

बापूंनी दिवा बघितला नाही. बटणं बघितली नाहीत. वाकून ट्रेबलच्या जागी बोट लावलं.

"पट्टी कुठंय?"

"बापू, सरप्राइज आहे. आतून सगळं नवीन केलंय. आता आईचा आवाज..."

"पट्टी कुठंय म्हणून राह्यलो मी."

"पट्टीची आता गरजच नाही!"

बोंडअळी पडलेल्या कापसाकडं बघावं तसं बापूंनी माझ्याकडं बघितलं. मग खुर्चीत बसत म्हणाले, "आज कॅसेट लावायची न्हाई."

"असं कसं व्याही?" तात्या म्हणाले. "दरसालचा रिवाज हाय."

"टेप बिघडलाय."

"कुठं बिघडलाय? कालच मी हेड पुसून ठेवलंय!" मी म्हणालो.

"मंग मी एकटाच ऐकतो. तुम्ही समदे आत जाऊन जेवून घ्या."

सकाळचे दहा वाजले होते. जेवण अजून कुकरात होतं. बापू माझ्यावर रागावलेत, आणि एकदा आवाज ऐकला की राग पळून जाईल, असा मी हिशेब केला. कॅसेट घातली, मशीन चालू केलं आणि सवयीनं मीच उजव्या कुशीवर थाप मारली.

"ब्लूटूथ मोड!"

बापू उभेच राहिले. "ही बाई कोण?"

"चायनाची आहे, बापू."

"या घरात तुझ्या आईच्या आधी बोलायची कोणाची टाप न्हव्हती!"

मी काही बोलणार एवढ्यात गजूच्या खिशातल्या मोबाइलला आपलं बोर्ड ओळखू आलं. दोघं आपसात जोडले गेले आणि हॉलमध्ये वरात सुरू झाली! बापूंनी कानावर हात ठेवले. तात्यांचे खांदे मात्र आपोआप हलायला लागले (त्यांचा नाइलाज होता, मुलाचा धंदाच तो). गजू खिशात हात घालून मोबाइल शोधत होता, तो सापडेपर्यंत जोशीकाकू पुन्हा ताट घेऊन दारात हजर.

"आज तरी पालखीच ना?"

"न्हाई काकू. या, बसा," वैशाली म्हणाली. काकू ताट मांडीवर घेऊन बसल्या. गजूनं मोबाइल बंद केला. आणि त्या शांततेत मी टेपचं बटण दाबलं.

काय सांगू! घूंऽऽऽ गायब. लग्नाचा मांडवच्या मांडव आमच्या हॉलमध्ये उतरला. कुठंतरी लहान मूल रडतंय, आचारी विचारतोय, "वरणात मीठ कोणी टाकलं का?", भटजी खोकतायत. आणि एकदम माझा आवाज, पोरसवदा आणि किरटा :

"मामा, बाशिंग डोळ्यावर येऊन राह्यलंय. मला काहीच दिसंना."

"काय बघायचंय तुला? उभा राह्य गप!" हे माझे मामा.

सगळे हसले. मीही हसलो. "बघितलं? याला म्हणतात पारदर्शकता! आता श्वास ऐका. आईचा श्वास." मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

आणि खरोखर ऐकू आला. आधी बांगड्या किणकिणल्या. मग कोणीतरी माइकजवळ आलं, आणि एक श्वास. आईचाच. स्वयंपाकघरातून हाक मारायच्या आधी ती घ्यायची तसा. माझे डोळे भरून आले. बापूंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. मला वाटलं, भारावले.

"आवं, ऐकलं का?" आई म्हणाली. हे मंगलाष्टकात नव्हतं.

"काय?" हा बापूंचा आवाज.

"बघा तरी कसं उभं राह्यलंय. अंतरपाटाकडं पाठ करून!"

"बाशिंग डोळ्यावर आलंय त्याच्या."

"बाशिंग काढलं तरी काय व्हणार हाय? येडंच हाय वो आपलं पोरगं!"

मी टेपकडं झेपावलो, पण मध्ये जोशीकाकूंचं ताट होतं.

"हळू बोल, माइक चालू असंल," बापू टेपमधून म्हणाले.

"बंद हाय. माइकवाला भोंगे बंद करून गेलाय. पोरगी मातर हुशार हाय बघा. बघताक्षणी कळलं मला. हिच्या हाती देऊन राह्यले, आता मला घोर न्हाई."

मग ती खाकरली आणि मंगलाष्टक सुरू झालं. एकेक अक्षर लख्ख. आम्ही सगळे ते शेवटच्या 'सावधान'पर्यंत ऐकत राहिलो, आणि माझ्याकडं कोणीही बघत नव्हतं, म्हणजे सगळे फार प्रयत्न करून बघत नव्हते. टेप खटकन बंद झाला.

"व्याही," तात्या सावकाश म्हणाले, "हे आमाला अंतरपाट धरायच्या आधी सांगायचं असतं."

"दाजी," गजू म्हणाला, "पारदर्शकता बराबर आली ना?"

बापूंनी कपाळावरचा घाम पुसला. "म्हणून पट्टी व्हती, येड्या! कॅसेट आली तवा तू सूनबाईला घेऊन हसनाबादला गेल्ता. मी आन् तुझी आई, दोघांनी ऐकली. तिला घामच फुटला. सूनबाईनं ऐकलं तर नवऱ्याची काय किंमत राह्यील म्हणाली. तिनंच ते बटन बंद केलं आन् तिच्याच हातानं वर पट्टी मारली. तिच्या हातची व्हती ती पट्टी."

मला वाटत होतं तसा तो म्हाताऱ्याचा गैरसमज नव्हता. इतकी वर्षं आई माझी लाज राखून त्या बटणावर बसली होती, आणि मी तिला बोळा करून कचऱ्यात फेकलं होतं. उठलो आणि कचऱ्याच्या बादलीकडं धावलो. बादली रिकामी. घंटागाडी येऊन गेली होती. आता हे बापूंना कसं सांगायचं? मी बादली हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. खरंच रडू आलं मला.

वैशाली उठली. डोळे पुसत होती, पण खांदे हसल्यासारखे हलत होते. तिनं फ्रिजवरचा हळदीकुंकवाचा डबा काढला, झाकण उलटं केलं. आतल्या बाजूनं पट्टी चिकटवलेली होती. नीट, सुरकुत्या काढून.

"तवाच काढून ठेवली व्हती बादलीतून," ती म्हणाली. "इतकी वर्षं जपलीय म्हणल्यावर काहीतरी असंलच. तुम्ही बापूंना विचारलं न्हाई ना, म्हणून."

बापूंनी पट्टीकडं बघितलं. वैशालीकडं बघितलं. मग माझ्याकडं, हातातल्या बादलीसकट.

"बघ," ते म्हणाले. "तुझी आई उगं बोलत न्हव्हती. दोन्ही गोष्टी बराबर निघाल्या."

मला वाटलं, आता गजूला जुना ऐवज परत आणायला सांगतील. पण बापू मशीनपाशी गेले, ट्रेबल पूर्ण उघडं आहे का ते पाहिलं आणि तिथंच, फुल ठेवून, त्याच्यावर ती पट्टी दाबून बसवली. "आता कोणी कमी करायचं न्हाई," म्हणाले. मग खुर्चीत बसले, डोळे मिटले. "दत्ता, मागं घे. श्वासापासून लाव." मी लावलं. जोशीकाकूंनी अखेर ताट सार्थकी लावलं आणि वैशालीला ओवाळलं.

तेव्हापासून रोज सकाळी चायनाची बाई ओरडते, बापू तिला "झालं का तुझं?" म्हणून विचारतात आणि कॅसेट लावतात. पूर्वी फक्त मंगलाष्टक ऐकायचे. आता 'आवं, ऐकलं का'पासून ऐकतात, आणि माझ्यावरचं ते वाक्य आलं की डोळे मिटल्या मिटल्या हसतात. इतक्या वर्षांत सकाळी सकाळी त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. अ‍ॅम्प्लिफायर सुधारला तो याच्यासाठीच, असं मी स्वतःला समजावतो.

परवा वैशालीसोबत भाजी घ्यायला गेलो होतो. गर्दीत ती पुढं गेली आणि मला दिसेनाशी झाली, म्हणून मी तिला फोन लावला. पलीकडच्या मेथीच्या ढिगाआडून, तिच्या पिशवीतून, माझ्या आईचा खणखणीत आवाज सगळ्या बाजारात घुमला : "येडंच हाय वो आपलं पोरगं!" रिंगटोन. गजूनं बसवून दिली होती, ट्रेबल फुल ठेवून.

मी तिथं पोचलो तेव्हा भाजीवाली वैशालीला सांगत होती, "ताई, उचला की फोन. मालक चुकले वाटतं पुन्हा."